बिनखांबी हॉल

माणूस दचकतो, दोन मिनिटांत सावरतो आणि ‘काही नाही हो’ म्हणून कामाला लागतो. माझे मामेसासरे, म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, तरुणपणी एकदा दचकले ते आजतागायत दचकलेलेच आहेत. अख्ख्या दिल्लीत, अगदी नोएडा आणि गुडगाव धरूनसुद्धा, इतक्या निष्ठेनं दचकलेला माणूस तुम्हाला सापडायचा नाही. त्यांच्या भुवया जिथे असायला हव्यात त्याच्या बोटभर वर असतात. आधार कार्डावर आपण सगळेच जरा हबकलेले दिसतो, पण मामांचं कार्ड पाहून बँकेतल्या बाईंनी ‘सर, घर में सब ठीक है ना?’ असं खालच्या आवाजात विचारलं होतं. एरवी गृहस्थ अगदी साधे. केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले, दिल्लीतल्या द्वारकेत आमच्याच सोसायटीत आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, सकाळी पिशवी घेऊन दूध आणायला जातात. फक्त जाताना समोर बघत नाहीत, वर बघतात. वर कुठे ना कुठे तुळई असते, आणि त्या तुळईत कुण्या महाभागानं भोक पाडलेलं असण्याची शक्यता असते.

‘बीम’ म्हटलेलं मामांना खपत नाही. तुळईच म्हणायचं. माझी मुलगी दिल्लीत जन्मलेली. लहानपणी तिनं ‘आजोबा, तुळई मतलब?’ असं विचारलं आणि त्याची शिक्षा म्हणून तिला संपूर्ण डीप बीम ऐकावा लागला. तो मला आता तोंडपाठ आहे. साधी तुळई लांब आणि सडपातळ असते. तिच्यावर भार पडला की ती वाकते, पोटाला बारीक भेगा दाखवते, कुरकुरते, महिनोन् महिने तक्रार करत राहते. माणसाला सामान आवरून पळायला वेळ मिळतो. पण आखूड आणि भिंतीसारखी उंच तुळई, तो डीप बीम (हा एवढा एकच ‘बीम’ मामांना चालतो). तो वाकत नाही. वरचा भार तो तिरप्या वाटेनं थेट दोन्ही टोकांच्या खांबांकडे नेतो. त्या तिरप्या वाटेवर कुणी भोक पाडलं, की कधीतरी तो कोपऱ्यातून कोपऱ्यात फाटतो. ‘आणि जावईबापू,’ इथे मामा माझा दंड पकडतात, ‘तो सांगून फाटत नाही.’ नोकरीच्या सुरुवातीला त्यांना एका प्रयोगशाळेत पाठवलं होतं. तिथे भोकं ठेवून असल्या तुळया ओतायच्या आणि यंत्राखाली घालून मोडायच्या, एवढंच काम. पहिल्या तुळईवर भार चढत होता, ती हूं की चूं करत नव्हती, म्हणून मामांनी चहाचा पेला हातात घेतला आणि ‘फाट्’ असा आवाज झाला. ‘तो चहा कुठे गेला हे मला आजही माहीत नाही,’ असं ते अजून सांगतात, आणि सांगताना भुवया आणखी अर्धा बोट वर जातात.

तेव्हापासून त्यांना भोक दिसलं की राहवत नाही. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं ग्रेटर नोएडात फ्लॅट घेतला, त्याच्या गृहप्रवेशाला मी हौसेनं मामांना नेलं. दारात पाऊल टाकताच त्यांनी छताकडे पाहिलं, एसीच्या पाइपासाठी तुळईत पाडलेलं भोक पाहिलं, आणि ‘अरे देवा’ म्हणून दोन पावलं मागे आले. मग कुणाशी काही न बोलता त्यांनी खुर्च्या उचलून दुसऱ्या खोलीत नेल्या, जेवणाच्या पराती हलवल्या, आणि खांबाला खेटून उभे राहिले. सहकाऱ्याच्या आईला वाटलं, हे वास्तुशास्त्राचे मोठे जाणकार. त्या डोक्यावर पदर घेऊन पुढे आल्या आणि पायाला हात लावून म्हणाल्या, ‘पंडितजी, कोई उपाय?’ मामा गंभीरपणे म्हणाले, ‘ये छेद तुरंत भरवाइए। और आगे से कोई छेद मत करवाइए।’ त्या माउलीनं ते भोक खरोखरच बुजवून घेतलं. पुढे तिच्या सुनेला दिवस गेले. त्याचं श्रेय त्या घरात आजही मामांकडे जातं आणि दर दिवाळीला त्यांना सोनपापडीचा डबा येतो.

घरातली तऱ्हा तर बघवत नाही. मामा कपड्याच्या साबणाची वडी दोन विटांवर आडवी ठेवतात, मामींच्या लोकर विणायच्या सुईनं तिला भोक पाडतात आणि वर खलबत्ता चढवतात. एका वडीला भोक मधे, एकीला कडेला, एकीला चौकोनी, एकीला गोल. सगळ्या वड्या शेवटी मोडतात, पण कोणती कशी मोडली यावर ते दुपारभर खूश असतात किंवा हादरलेले असतात. ‘चौकोनी भोकाच्या कोपऱ्यापासूनच भेग निघते, पाहा! पाहा!’ असं ओरडत ते एकदा लुंगीवर आमच्या दारात आले होते, आणि आमच्याकडे नेमके मुलीच्या शाळेतल्या बाई आलेल्या होत्या. त्यांच्या न्हाणीघरात पाहुण्यांना खिडकी असलेला साबण मिळतो. मेट्रोच्या स्टेशनवर ते पुलाखाली उभे राहून इतका वेळ वर बघतात की जाणारे-येणारेही थांबून बघू लागतात. खाण्यातसुद्धा त्यांची पारख हीच. मेदूवडा समोर आला की तो हातात धरून म्हणतात, ‘ज्यानं कुणी हा केला, त्याला कळत होतं. भोक बरोब्बर मधोमध!’

हे सगळं सोसणाऱ्या मामी हा एक वेगळाच प्रकार आहे. त्या कधी कुरकुर करत नाहीत. साबण फुटला तर तुकड्यांनी कपडे धुतात. सुई वाकली तर वाकड्या सुईनं विणतात. मामा बाहेर कितीही वर बघत हिंडोत, घरात मात्र ते मामींच्या चेहऱ्याकडे बघत असतात, आणि तिथे काहीच दिसत नाही म्हणून आणखी दचकतात. एवढ्या संसारात मामींनी त्यांच्याकडे एकच गोष्ट तोंडानं मागितली. आमची सोसायटी उभी राहायच्या आधी द्वारकेतली मराठी मंडळी एक भाड्याचा हॉल घेऊन गणपती आणि भोंडला करायची. त्या हॉलच्या ऐन मध्यावर खांब होता. नवरात्रात भोंडल्याचा हत्ती मध्ये मांडायचा, तर तिथे खांब. हत्ती बाजूला सरकवला की बायकांचं रिंगण वेडंवाकडं व्हायचं आणि फेरात कुणीतरी खांबावर आपटायचं. एका वर्षी मामी आपटल्या. खांद्याला शेक घेताना त्या एवढंच म्हणाल्या, ‘आपल्या सोसायटीच्या हॉलात मधे खांब नको हं.’

मामा बांधकाम समितीवर होते. त्यांनी आर्किटेक्टशी भांडून हॉलमधला खांब काढायला लावला. वरच्या मजल्यांवर तो खांब हवाच होता. आमच्या आणि मामांच्या जेवणाच्या टेबलाशेजारून तोच जातो. मग तळमजल्यावर त्याला पेलणार कोण? तर हॉलच्या छतालगत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, माणसाच्या उंचीची एक तुळई. डीप बीम. आणि तिच्या डोक्यावर, मधोमध, तो वरून आलेला खांब. आयुष्यात ज्या एका वस्तूला हा माणूस सर्वांत जास्त घाबरला, ती त्यानं बायकोच्या एका वाक्यासाठी स्वतःच्या घराखाली बसवून घेतली. आमची ही म्हणते की याला प्रेम म्हणतात. मला अजून त्याचा धक्का बसतो. हॉल तयार झाल्यावर पहिल्याच भोंडल्याला मामी बिनखांबी हॉलभर अशा काही गरागरा फिरल्या, की दारात उभे असलेले मामा तुळईकडे बघायचंही विसरले.

पुढे सोसायटीतली मंडळी बदलली, मामींचे गुडघे गेले, आणि त्या भोंडल्याला भिंतीकडेच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवू लागल्या. मग अलीकडे एका हिवाळ्यात कमिटीच्या मनात आलं की हॉलला एसी बसवावा. थंडीत एसी स्वस्त पडतो. पण हवेचा पत्र्याचा नळ हॉलच्या दुसऱ्या अर्ध्यात न्यायचा तर मधे तुळई आडवी. कमिटीचे सेक्रेटरी दिल्लीतच वाढलेले मराठी गृहस्थ, स्वभावानं लाख माणूस. ते मामांकडे आले. ‘मामा, एक छोटासा होल करायचाय बीममध्ये. तुम्ही परमिशन द्या यार.’ मामा आठवडाभर जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. शेवटी, हॉलमधल्या म्हाताऱ्या माणसांना उन्हाळ्यात त्रास होतो, हे मामींचंच वाक्य आठवून ते तयार झाले. शिडीवर चढून त्यांनी गेरूनं एक गोल काढला: मधोमध, वरच्या खांबाच्या बरोबर खाली, तुळईच्या तळातल्या सळ्यांच्या जरा वर, ताटाएवढा. ‘भाराची वाट इकडून आणि इकडून जाते,’ ते दोन्ही हात छपरासारखे तिरपे करून म्हणाले. ‘या दोन वाटांच्या मधल्या जागेत काही नसतं. भोक इथे, आणि गोल. मी समोर असल्याशिवाय हात लावायचा नाही.’ सेक्रेटरी म्हणाले, ‘बिल्कुल, मामा.’

संक्रांतीच्या दिवशी आमच्या मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या लढाईच्या स्मारकाला जाते. मामा दर वर्षी असतात. तिथे बाकीचे गहिवरतात, घोषणा देतात. मामा लढाईसुद्धा त्यांच्याच पद्धतीनं सांगतात. ‘तोफा होत्या, माणसं होती, शौर्य तर विचारू नका. पण रसद येण्याची वाट तुटली. वाट तुटली की वरची ताकद काय करणार?’ यंदा हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. एसीच्या कामाचा कंत्राटदार पुढच्या आठवड्यात यायचा होता. पण त्याचं दुसरं काम रद्द झालं म्हणून तो त्याच दिवशी सकाळी आमच्या सोसायटीत हजर झाला, हे आम्हाला कुणी कळवलं नाही.

संध्याकाळी बस परतली. हॉलमध्ये बायकांचं हळदीकुंकू भरलं होतं. सेक्रेटरी हसतमुखानं दारातच भेटले. ‘मामा, काम डन! आणि टेन्शन घेऊ नका, आम्ही उलट सेफ साइडला गेलो. तुम्ही मार्क केलेलं ना, त्याच्या अगदी वर पिलर होता. कंत्राटदार पण घाबरला. मग आम्ही होल कोपऱ्यात सरकवला, साइडच्या खांबाजवळ. तिथे बीमला सपोर्ट आहे ना, मजबूत जागा!’ माणूस इतक्या आपुलकीनं बोलत होता की मीही मान डोलावली. मग मी वर पाहिलं. गेरूचा गोल जसाच्या तसा होता. आणि तुळईच्या टोकाला, जिथून भार खांबात उतरतो त्या तिरप्या वाटेच्या ऐन मध्यावर, खिडकीएवढं चौकोनी भोक होतं. चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यातून केसासारखी एक रेघ खांबाकडे निघाली होती. तिच्या बरोबर खाली खुर्च्या मांडून बायका बसल्या होत्या, आणि पहिल्या खुर्चीत, मांडीवर तिळगुळाचा डबा घेऊन, मामी.

पण मला खरा धक्का बसला तो मामांकडे पाहून. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या भुवया खाली आल्या होत्या. चेहरा एकदम सरळ, शांत, कुणा दुसऱ्याचाच वाटावा असा. ‘फाट्’ ऐकायच्या आधी ते असेच दिसत असतील. ते ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, ‘बायांनो, वाण बाहेर अंगणात लुटू या. सगळ्यांनी उठा. धक्काबुक्की नको.’ कुणी हसलं, कुणी ‘मामा, आत्ताच तर बसलो’ म्हटलं. मामींनी एकदाच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि एरवी खुर्चीतून उठायला दोघांचा हात लागणाऱ्या त्या सगळ्यांच्या आधी उठल्या. डबा तिथेच खाली राहिला. त्यांच्यामागे सगळा हॉल रिकामा झाला. मामा सर्वांत शेवटी बाहेर आले, सेक्रेटरींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘आता त्या खांबाच्या ओळीतली सगळी घरं रिकामी करा. आधी माझं. समोरच्या साइटवरून लोखंडी टेकू मागवा. असतील नसतील तेवढे.’ सेक्रेटरी पांढरेफटक पडले होते. ‘मामा, मला तर वाटलं...’ ‘कळतंय मला,’ मामा म्हणाले. ‘खांबाजवळची जागा कुणालाही भक्कमच वाटते. चांगल्या मनानंच केलंत तुम्ही.’ त्या माणसाला त्या क्षणी याहून मोठा आधार कुणी दिला नसता.

टेकू लागले आणि तुळई टिकली. मधले काही दिवस आम्ही शेजाऱ्यांच्या बैठकीत गाद्या घालून काढले. पुढे एका कॉलेजातले प्राध्यापक आले, त्यांनी भोक पक्कं भरून पोलादी पट्ट्या ठोकायला सांगितल्या. मग म्हणाले, ‘एवढ्यावर निभावेल असं वाटतं. पण हॉलच्या मध्यावर खालून एक कायमचा खांब दिला तर शंकाच उरणार नाही. सर, आप बताइए।’ कमिटीनं मामांकडे पाहिलं. हॉल कुणासाठी बिनखांबी झाला ते जुन्यांना ठाऊक होतं. मामा त्या रिकाम्या फरशीच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. ‘खांब घाला,’ ते म्हणाले, आणि जिना चढताना माझा दंड धरून पुटपुटले, ‘तिला तुम्ही सांगा. जावयाला ती काही बोलायची नाही.’

शेकडो माणसांचा भार बिनदिक्कत तोलणारा हा इंजिनीअर तेवढ्यासाठी माझ्या घरी लपून बसला. मी खाली गेलो. मामी गवार मोडत होत्या. मी सांगितलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि गवार मोडत राहिल्या. वर येऊन मी तसं कळवल्यावर मामांच्या भुवया पुन्हा जागेवर, म्हणजे कपाळाच्या टोकाला, जाऊन पोचल्या. ‘नुसतं बरं? आणखी काही नाही? चेहरा कसा होता? हे लक्षण चांगलं नाही, जावईबापू. वाकली असती, कुरकुरली असती तर मी निश्चिंत झालो असतो.’ मी हसलो, पण ते हसले नाहीत. त्या दिवसापासून उन्हाळा गेला, पावसाळा गेला, मामा रोज मामींच्या चेहऱ्यावर भेग शोधत राहिले. साबणाचे प्रयोग बंद झाले. हॉलकडे तर ते फिरकेनात. खांब कसा झालाय बघायला चला म्हटलं की त्यांना नेमकं दूध आणायचं असे.

नवरात्रात भोंडला आला. आमच्या हीनं मामांना जवळजवळ ओढतच हॉलच्या दारापर्यंत आणलं. मध्यावर तो नवा पोलादी खांब उभा होता, आणि बायकांनी हत्तीचं चित्र यंदा पाटावर न काढता कागदावर काढून खांबालाच चिकटवलं होतं. त्याच्या खाली खुर्ची ठेवलेली, आणि खुर्चीत, खांबाला पाठ टेकून, मामी. भोवती बायका फेर धरून फिरत होत्या. दर वर्षी भिंतीकडेला बसणाऱ्या मामी त्या रिंगणाच्या मध्यभागी होत्या, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत, मोठ्यानं गात. मामा दारात खिळून उभे राहिले. गाणं संपलं तसं मामींनी त्यांना पाहिलं. ‘अहो, या की आत. खिरापत ओळखायची आहे.’ मामा चोरासारखे आत गेले. खांबापाशी जाऊन हळूच म्हणाले, ‘तू काही बोलली नाहीस. एवढे महिने. मला वाटलं, तुझा हॉल मी...’

‘काय बोलायचं?’ मामी म्हणाल्या. ‘खांब नको म्हटलं तेव्हा माझे गुडघे होते हो. आता टेकायला लागतं.’ एवढं बोलून त्यांनी मागे हात नेऊन खांबावर थोपटलं. ‘भिंतीशी बसून गाणं अर्धंच ऐकू यायचं. इथे बरं आहे.’

मला तिथे उभं राहवेना. बिनखांबी हॉलभर गरागरा फिरणाऱ्या मामी मला आठवल्या, आणि त्या आता पुन्हा कधी फिरायच्या नाहीत हेही तेव्हाच पहिल्यांदा नीट कळलं. मामांना ते माझ्या आधीच कळलं असावं. ते खुर्चीच्या शेजारी खाली फरशीवर बसले आणि त्यांनीही पाठ खांबाला टेकली. बायका ओरडल्या, ‘मामा, पुरुषांनी रिंगणात बसायचं नसतं!’ पण त्यांनी ऐकलं नाही, आणि मामींनीही त्यांना उठवलं नाही. फेर पुन्हा सुरू झाला. डोक्यावर ती तुळई होती, तिच्या टोकाला भोक भरल्याचा चौकोनी डाग स्पष्ट दिसत होता, मधे गेरूचा गोलही पुसट उरला होता. मामांनी त्या संध्याकाळी एकदाही वर पाहिलं नाही.